न चिकटलेली कडी

टिकाऊ म्हणजे न मोडणारं, असं ज्याला वाटतं त्यानं पक्षी पाळायच्या फंदात पडू नये. हे ठोकळेमावशीचं मत, आणि कुणी विचारलं नाही तरी ती ते द्यायचीच. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला दिवसभर काम काय? ना दाणा शोधायचा, ना घरटं बांधायचं, ना कुणाशी भांडायचं. चोच नुसती शिवशिवते. त्याला मोडायला काही दिलं नाही तर तो स्वतःलाच मोडतो, छातीची पिसं उपटून उघडाबोडका होतो. तेव्हा पक्ष्याचं खेळणं मोडलंच पाहिजे. फक्त त्यातलं काय मोडावं आणि काय मोडू नये, एवढी अक्कल बनवणाऱ्याला हवी. लाकूड फुटावं, कागद फाटावा, कातड्याच्या पट्ट्या कुरतडल्या जाव्यात. ज्या कडीनं ते सगळं टांगलंय ती कडी मात्र जशीच्या तशी राहायला हवी.

मावशी बावीस वर्षं बटणांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. समोरून बटणं सरकत यायची आणि तिनं बोटानं चांगलं इकडे, वाईट तिकडे ढकलायचं. कारखाना बंद पडला तेव्हा तिच्याजवळ दोन गोष्टी उरल्या, दुखरी मान आणि आपल्या नजरेतून काही निसटत नाही ही खात्री. मान औषधानं बरी झाली. खात्रीवर औषध नव्हतं.

त्याच सुमारास शेजारीण घर बदलताना आपला पोपट मावशीच्या गळ्यात मारून गेली. पोपट कसला, सोललेला कोंबडा. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला पाहून सांगितलं, "औषध नको, ह्याला मोडायला काहीतरी द्या." मावशीनं कोपऱ्यावरच्या सुताराकडून लाकडाचे तुकडे मागून आणले, भोकं पाडून दोरीत ओवले आणि टांगले. महिन्याभरात पोपटाच्या छातीवर हिरवी लव आली. तो पोपट पुढे पुष्कळ जगून म्हातारपणानं गेला, पण तोवर मावशीच्या मागच्या खोलीत करवत, गिरमिट, रंगाच्या बादल्या आणि ठोकळ्यांच्या राशी झाल्या होत्या. नाव पडायला एवढं पुरतं. खुद्द तिचा मुलगा फोनवर बायकोला विचारायचा, "ठोकळेमावशी जेवली का?"

नियम तिचे कडक. सुताराकडचं पॉलिश मारलेलं लाकूड घ्यायचं नाही. चिकटवलेला, दाबलेला भुसा तर नाहीच नाही. रंग खाण्यात चालतो तोच. दोरी वितीपेक्षा लांब नको, सुटलेल्या धाग्यात बोट अडकलं तर पक्षी पाय तोडून घेतो. भोक असं हवं की चोच आत जाणार नाही, किंवा मग इतकं मोठं की डोकं जाऊन परत येईल. मधलं काही नको. खेळणं विकत घेताना एखादीनं हौसेनं विचारलं, "ह्याला घुंगरू नाही का हो?" तर मावशी म्हणायची, "घुंगराच्या फटीत त्याची चोच अडकली की मग तुम्हीच नाचा."

आणि कडीसाठी लोहचुंबक. ते तिच्या खिशात असायचं, किल्ल्यांसारखं. चांगल्या स्टीलला ते चिकटत नाही, साध्या गंजक्या लोखंडाला चिकटतं. हे तिला लोखंडी सामानाच्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं शिकवलं होतं. त्याच्या दुकानात दोनच जाती होत्या, स्टील आणि लोखंड, त्यामुळे त्याच्या दुकानापुरता नियम सोळा आणे खरा होता. चिकटलं की बाद, नाही चिकटलं की पास. बटणांच्या टेबलावर वाढलेल्या बाईला असा नियम आवडणारच.

तो दुकानदार थकला, दुकान विकून मुलीकडे राहायला गेला. मावशीनं मग बाजारातल्या एका नव्या गाळ्यातून कड्यांचा डबा आणला. छान चकचकीत कड्या, पेच गुळगुळीत फिरणारा. फोनवरच्या मागण्या आणि पाठवणी सून बघायची, ओवायलाही बसायची. तिनं दोन कड्या हातात खेळवल्या, नखानं ओरखडा काढला आणि म्हणाली, "आई, ह्या हलक्या लागतात हो. आणि बघा ना, नखाचा करडा ओरखडा उठतोय."

मावशीनं खिशातून लोहचुंबक काढलं. एकेक कडी लावून दाखवली. एकही चिकटली नाही.

"दिसलं?" ती म्हणाली. "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी माल तपासतेय. मला शिकवू नकोस."

सुनेनं मान खाली घातली आणि ओवायला घेतलं. घरात सासू-सुनेचं तसं बरं होतं. पण ह्या वाक्यानंतर दोन दिवस सून जेवढ्यास तेवढं बोलत होती आणि मावशीला ते कळूनही तिनं काही केलं नाही. आपलं बरोबर असताना माणसाला मन मोठं करायची घाई नसते.

फोन आला तो वीस दिवसांनी, सकाळी, मावशी निळ्या रंगात हात घालून बसलेली असताना. डॉक्टरीणबाई होत्या. गल्लीतल्या शिंपीणबाईंचा मोठा राखाडी पोपट त्यांच्याकडे आणला होता. खात नव्हता, मान टाकत होता, हिरवं पाणी जात होतं. एक्स-रे काढला तर पोटात पांढरे ठिपके.

"धातू आहे, मावशी. जस्त. जस्तानं पक्ष्याला विष चढतं. शिंपीणबाईंनी पिंजऱ्यातलं खेळणं बरोबर आणलंय, तुमचंच आहे. कडीवर चोचीच्या खुणा आहेत आणि वरचा मुलामा उडालाय."

"शक्य नाही," मावशी म्हणाली. "लोहचुंबक लावल्याशिवाय मी एक कडी वापरत नाही."

 डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, जस्तालाही लोहचुंबक चिकटत नाही."

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली, असं आपण म्हणतो. तिची सरकली नाही. ती तिथेच बसून राहिली आणि निळा हात साडीला पुसत राहिली, पुसत राहिली, इतकी की सुनेनं येऊन तो धरला.

शिंपीणबाईंचा पोपट वाचला. लवकर आणला, सुया टोचल्या, आठवड्यानं दाणा खायला लागला. पण त्या डब्यातल्या कड्या आणखी चोवीस खेळण्यांना लागल्या होत्या, आणि ती चोवीसही घराबाहेर गेली होती.

सुनेनं एकही शब्द ऐकवला नाही. फोन घेऊन बसली आणि तासाभरात तेरा घरं गाठली. "खेळणं आत्ताच्या आत्ता काढा, कारण नंतर सांगते, आधी काढा, मी थांबते फोनवर." मावशी दारात उभी राहून ऐकत होती. सून एकदा जरी म्हणाली असती की मी सांगितलं होतं, तरी मावशीला जरा हलकं वाटलं असतं. ती म्हणाली नाही. चांगल्या माणसांचा हाच त्रास असतो.

उरलेली अकरा दाणेवाल्याकडे दिली होती. पक्ष्यांचं खाद्य, पिंजरे, वाट्या विकणारा हा माणूस स्वभावानं बरा, पण गिऱ्हाइकाचं नाव विचारणं त्याला पाप वाटायचं. चार खेळणी दुकानातच लटकत होती, ती मावशीनं ओढून काढली. सात विकली गेली होती. कुणाला?

"येतात, घेतात, जातात," दाणेवाला म्हणाला. "मी काय त्यांची वरात काढतो?"

त्यानं दारावर ठळक अक्षरांत पाटी लावली. डॉक्टरीणबाईंनी आपल्याकडे लावली. नेहमीची गिऱ्हाइकं दाणा न्यायला आली तशी कळत गेली. पहिल्या दिवशी तीन मिळाली, दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ खेळणं पिशवीत घालून घेऊन आले आणि वर मावशीचेच आभार मानून गेले. त्या सगळ्या घरांतले पक्षी ठीक होते.

एक राहिलं. निळ्या-पिवळ्या ठोकळ्यांचं, तुऱ्याच्या लहान पक्ष्यासाठी केलेलं. दाणेवाल्याला एवढंच आठवत होतं की घेणारा माणूस घाईत होता आणि त्याच्या खिशातून वायरीचं भेंडोळं डोकावत होतं.

पक्षी लहान म्हणजे विषही लवकर चढणार. मावशीनं मागची खोली बंद केली आणि रस्त्यावर उतरली. सकाळी दुकान उघडल्यापासून तिथे उभी राहायची, दुपारी दुकान बंद झालं की गल्ल्या धुंडाळायची. एकेका इमारतीखाली थांबून वर बघायची. कुठल्या गच्चीतून, कुठल्या खिडकीतून पक्ष्याचा आवाज येतो का, शिट्टी येते का. आवाज आला की जिना चढायची, दार वाजवायची. "तुमच्याकडे तुऱ्याचा पक्षी आहे का? निळं-पिवळं खेळणं आहे का?" कुणी दाराची साखळी न काढताच नाही म्हणायचं. एका गृहस्थानं आतल्या खोलीकडे बोट दाखवून म्हटलं, "पक्षी नाही, सासू आहे. आवाज तोच. न्यायची असेल तर न्या." एरवी मावशीनं त्याला दोन ऐकवली असती. आता ती नुसतीच पुढच्या दाराकडे वळली.

पायाला फोड आले. सुनेनं कापूर घातलेलं तेल लावलं. "आई, उद्या मी जाते," ती म्हणाली.

"तू नको. तू काय केलंयस?"

"मीही ओवल्याच ना त्या कड्या. मला कळलं होतं तरी ओवल्या."

 गप्प कुणी केलं होतं हिला? रात्रभर तिच्या डोक्यात तेच फिरत राहिलं, आणि उजाडल्यावर ती पुन्हा दुकानासमोर जाऊन उभी राहिली.

सहाव्या दिवशी तो माणूस आला.

मावशी दाण्याच्या पोत्यांपलीकडे स्टुलावर बसली होती. फोडांमुळे उभं राहवत नव्हतं. आत आलेला माणूस तिशी-पस्तिशीचा, दाढी वाढलेली, कमरेला वायरमनची हत्यारं. पाटीकडे त्यानं पाहिलंही नाही. काचेवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "भाऊ, मागे एक खेळणं नेलं होतं. निळे-पिवळे ठोकळे, वर चकचकीत कडी. तसलंच एक द्या."

दाणेवाल्यानं मावशीकडे पाहिलं. मावशी उठायला लागली होती. ते जुनं कुठे आहे, पक्षी कसा आहे, आधी काढा ते, सगळं तिच्या ओठावर आलं होतं.

"पक्षी गेला आमचा," तो माणूस म्हणाला. "चार दिवस झाले. आता नवा आणायचा म्हणतोय, पोरीसाठी. जुनं अर्धं कुरतडलंय, पण तिला तेच खेळणं लागेल, त्याला फार आवडायचं ते. कडीला लोंबकळून दिवसभर चावत बसायचा."

मावशी परत स्टुलावर बसली.

दाणेवाल्यानं चाचरत विचारलं, "कशानं गेला हो?"

"पोरीनं चॉकलेट खायला दिलं. पक्ष्यांना चालत नाही म्हणे. एवढासा तुकडा, पण जीव तो केवढा? आमच्या हिनं रागाच्या भरात पोरीला म्हटलं, तूच मारलंस त्याला. बोलून गेली बिचारी. आता कितीही सांगा, पोर ऐकत नाही. जेवत नाही, शाळेत जात नाही. रडतसुद्धा नाही हो. नऊ वर्षांची पोर, पण रडतसुद्धा नाही."

दाणेवाल्यानं गल्ल्याआडून मावशीला हातानं खूण केली. गप्प राहा. आणि त्या माणसाला म्हणाला, "ते खेळणं आता येत नाही."

"बरं," तो माणूस म्हणाला. जरा वेळ इकडचे तिकडचे पिंजरे बघत राहिला, मग निघून गेला.

आणि मावशी गप्प राहिली. हे सांगायलाच हवं, कारण पुढे तिनं जे केलं त्यानं हे पुसलं जात नाही. सहा दिवस जिच्या पायाला भिंगरी होती ती बाई, शोधत असलेला माणूस तीन हातांवर उभा असताना, मांडीवर हात ठेवून बसून राहिली. पक्षी तर गेलाच, आता सांगून काय होणार? पुन्हा खेळणी करता येतील, नवीन कड्या आणता येतील, कुणाला कधी कळणार नाही. हे सगळं तिच्या मनात आलं. किती वेळ आलं? तो माणूस रस्ता ओलांडून जाईपर्यंत.

"बरं झालं," दाणेवाला म्हणाला. "चॉकलेटच असेल, कुणास ठाऊक."

ते वाक्य ऐकलं आणि मावशी उठली. लहान पोरीच्या डोक्यावर ठेवून आपण मोकळं व्हायचं, एवढी ती अजून घसरली नव्हती. चपलेचा एक पट्टा तुटला, तिनं चपला तिथेच काढल्या आणि अनवाणी, फोडांच्या पायांनी रस्त्यावर धावली. "अहो! अहो वायरमन!"

तो थांबला. मावशीला धाप लागली होती. तिनं सगळं सांगितलं, उलटंसुलटं, शेवट आधी. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की आता हा हात उचलणार, असं मावशीला वाटलं.

"घरी चला," तो म्हणाला. "हे तिला सांगा. मला नका सांगू."

घर दोन गल्ल्या सोडून होतं. इमारतीपाशी पोचल्यावर मावशीनं वर पाहिलं. ह्या इमारतीखाली ती उभी राहिली होती. शोधाच्या पहिल्याच दिवशी. वर बघून चांगली पाच मिनिटं कान देऊन ऐकलं होतं, शिट्टी आली नाही म्हणून पुढे गेली होती. आजारी पक्षी आवाज करत नाही. हे कुणाला नसेल कळलं तरी चालेल, तिला कळायला हवं होतं. त्या दिवशी तो वर होता. जिवंत होता.

तिसऱ्या मजल्यावर त्या माणसाच्या बायकोनं दार उघडलं. हातात पोळपाट होता. नवऱ्यानं तिला कोपऱ्यात नेऊन सांगितलं.  पोळपाट छातीशी धरून ती स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी राहिली आणि मावशीकडे पाहत राहिली.

खिडकीत रिकामा पिंजरा होता. आत ते खेळणं तसंच लोंबत होतं. ठोकळे अर्धे कुरतडलेले. मावशीनं पाहिलं आणि तिच्या मनात आलं, किती मन लावून खेळलाय. मग स्वतःचीच शिसारी आली तिला.

पोरगी कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मावशी समोर जमिनीवर बसली.

"बाळा, तुझा पक्षी चॉकलेटनं नाही गेला. माझ्यामुळे गेला. ते खेळणं मी केलंय. त्याची कडी विषारी होती."

पोरीनं मान वरसुद्धा केली नाही. "बाबांनी आणलंय ना तुम्हाला?"

"मीच आले."

"काल शाळेतल्या बाईंनाही आणलं होतं. त्या म्हणाल्या, तो म्हातारा झाला होता. परवा मामा आला. तो म्हणाला, थंडी बाधली. आता तुम्ही." ती अगदी शांतपणे बोलत होती, मोठ्या बाईसारखी. "मला बरं वाटावं म्हणून सगळे खोटं बोलतात. हवालदारला मी चॉकलेट दिलं होतं. मला माहितेय ना."

"हवालदार?"

"शिट्ट्या मारायचा म्हणून," दारातून बाप म्हणाला आणि तोंड फिरवलं त्यानं.

मावशी हतबल झाली. खरं बोलायला आली होती, पण पोरीला ह्या घरात खरं आणि खोटं एकाच आवाजात सांगितलं गेलं होतं. तिनं उठून खेळणं पिंजऱ्यातून काढलं आणि पोरीपुढे ठेवलं. कडीवरच्या चोचीच्या खुणा दाखवल्या, मुलामा उडून खालचा करडेपणा दिसत होता तो दाखवला. खिशातून लोहचुंबक काढून कडीला लावलं.

"बघ. चिकटत नाही."

पोरीनं पहिल्यांदा पाहिलं. "मग ते चांगलं असतं की वाईट?"

"मला वाटायचं चांगलं असतं. चिकटलं नाही की मी पास करायची. पण जस्तालाही चिकटत नाही. ते मला ठाऊकच नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही. मला वाटायचं, मला सगळं कळतं."

"कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

 हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरीणबाईंनाही नाही.

"सांगितलं होतं. माझ्या सुनेनं. कड्या हलक्या आहेत, नखानं ओरखडा उठतो, म्हणाली. मी तिला म्हटलं, मला शिकवू नकोस."

"ओरडलात?"

"हो."

"ती रडली?"

"माझ्यासमोर नाही. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मला कळत होतं. मी मुद्दाम तिच्याकडे लक्ष दिलं नाही."

"का?"

"माझंच बरोबर आहे, असं वाटत होतं म्हणून."

पोरगी फटीतून थोडी पुढे सरकली. ती आता मावशीच्या तोंडाकडे बघत होती, मोठी माणसं खोटं बोलतात तेव्हा तोंड कसं दिसतं ते ठाऊक असल्यासारखी. "आणि मग? बाबा दुकानात आल्यावर लगेच सांगितलंत?"

मावशीनं वायरमनकडे पाहिलं. मग पुन्हा पोरीकडे.

"नाही. मी गप्प बसले. तुझे बाबा दुकानातून निघून गेले तोवर गप्प बसले. वाटलं, नाही सांगितलं तर कुणाला कळणार नाही. तुझ्यावर आलंय, ते तुझ्यावरच राहू दे. असं वाटलं मला."

 बरं वाटावं म्हणून कुणी इतकं वाईट बोलत नाही स्वतःबद्दल, हे नऊ वर्षांच्या पोरीलाही समजतं. तिचा चेहरा हळूहळू बदलला.  तिनं ते खेळणं दोन्ही हातांनी उचललं आणि होतं नव्हतं ते बळ लावून मावशीच्या अंगावर फेकलं. ठोकळा भुवईवर बसला.

"अगं ए!" आई धावली. "मोठ्या माणसांवर हात टाकतेस?"

"टाकू दे," मावशी म्हणाली. भुवईवरून रक्ताची धार आली होती, ती तिनं पुसलीही नाही. "तुमच्या पाया पडते, तिला ओरडू नका."

पोरगी उभी राहिली होती. मुठी आवळलेल्या. आणि मग तिच्या घशातून असा आवाज निघाला की शेजारच्यांनी दार उघडलं. चार दिवसांचं साठलेलं रडू ते. रडता रडता ती आईकडे वळली.

"आई, मी नाही गं मारलं त्याला. आई, मी नाही मारलं."

आईच्या हातातला पोळपाट खाली पडला. तिनं पोरीला छातीशी ओढलं आणि ती तिथेच बसली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. ती पोरीच्या केसांत तोंड खुपसून काहीतरी म्हणत होती. ते फक्त त्या दोघींना ऐकू आलं.

मावशीनं जमिनीवर विखुरलेले ठोकळे, दोरी आणि कडी एकेक करून वेचली. ह्या घरात तिच्या हातची एकही वस्तू राहता कामा नये असं तिला वाटत होतं. वायरमननं भुवई पुसायला रुमाल पुढे केला. माफ केलं असंही म्हणाला नाही आणि चालते व्हा असंही नाही. त्याच्याकडून आणखी काही मागायचा मावशीला तोंडही नव्हतं. ती दाराकडे निघाली.

"थांबा," मागून पोरीचा आवाज आला.

ती आईच्या कुशीतच होती. डोळे सुजलेले, नाक वाहत होतं. "त्याला दुखलं असेल का?"

वायरमननं मावशीकडे पाहून घाईघाईनं मान हलवली. नाही म्हणा. आईच्याही डोळ्यांत तेच होतं. झोपेतच गेला, काही कळलं नाही त्याला, असं घरात सगळ्यांनी सांगून झालं होतं.

मावशीला ते म्हणता आलं असतं. कुणी तिला दोष दिला नसता.

"हो," ती म्हणाली. "दुखलं असेल."

 पोरीनं हळूच मान डोलावली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी त्याच्याजवळ बसले होते."